बिनतारीची तार

ज्या विद्येस आपण 'बिनतारी' असें नांव दिलें, तिचें पहिलें साधन तारच आहे, ही मोठी मौजेची गोष्ट होय. दोन गांवांच्या दरम्यान खांबांवरून तार ओढावी लागत नाहीं, एवढाच त्या नांवाचा अर्थ. शब्द पाठविणाराच्या छपरावर आणि शब्द ऐकणाराच्या छपरावर मात्र एक तार ताणलेली असावी लागते. तिला आज अँटेना म्हणतात. मागील पिढी तिला एरियल म्हणत असे. यंत्र कितीहि किंमती असो, ही तार नीट नसली तर तें मुकें आणि बहिरें. आणि तार नीट असली तर साधें यंत्रहि शेंकडों कोसांवरचा शब्द ऐकतें व ऐकवितें. सरकारचा परवाना घेऊन, केवळ आवडीनें, अशा यंत्रांवर एकमेकांशीं बोलणारे लोक जगभर आहेत. त्यांस हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' म्हणतात. त्यांची तार कोणत्याहि हायस्कुलांतील मुलांस आपल्या हातांनीं, थोडक्या पैशांत, एका शनिवारीं करतां येते. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक हायस्कुलानें ती करावी, आणि पालकांनीं ह्या कामीं शिक्षकांस साहाय्य करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्या मताचीं कारणें येथें मांडावयाचीं आहेत.

पुणें-मुंबईकडे ही गोष्ट केवळ हौसेची म्हणून चालेल. आपल्या भागांत तिला दुसरें एक कारण आहे, व तें विसरण्यासारखें नाहीं. सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून माणसें नुकतीं कोठें निजलीं होतीं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत धरणी हालली. धोंडामातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. बावन्न गांवें जवळजवळ भुईसपाट झालीं. ज्या पालकांचें वय आज पन्नाशीच्या आसपास आहे, त्यांस ती पहाट वर्णन करून सांगावयास नको. परंतु त्यांचीं मुलें तिच्यानंतर जन्मलीं, आणि त्यांस ती पुस्तकांतील एक तारीख वाटते.

अशा प्रसंगीं अन्नवस्त्राच्याहि आधीं एका गोष्टीची गरज लागते, आणि ती म्हणजे बातमी. कोणतें गांव पडलें, ढिगाऱ्याखालीं किती माणसें आहेत, डॉक्टर कोठें पाठवावयाचे, रक्त कोठें, तंबू कोठें, हें कळल्यावांचून मदतीचा हात पोंचत नाहीं. आणि दडपलेल्या माणसाचा जीव तर तासांवर मोजलेला असतो. तो काळ मोबाईलचा नव्हता. भारतांतील पहिलें मोबाईल संभाषण १९९५ च्या जुलै महिन्यांत झालें. खेड्यांत दूरध्वनि विरळा. अशा वेळीं केंद्र सरकारनें हौशी रेडिओचालकांचीं पथकें भूकंपाच्या प्रदेशांत धाडलीं, आणि तुटलेली बातमीची वाट जोडण्याचें काम त्यांनीं केलें. हौशी रेडिओचालकाची सामग्री ती काय? एक यंत्र, मोटारीची एक बॅटरी, आणि दोन आधारांमध्यें ताणलेली तार. परंतु खांब पडले, वीज गेली, रस्ते बंद झाले, तरी ह्या तिन्ही वस्तु एका माणसाच्या खांद्यावरून नेतां येतात.

हे लोक धांवून आले हा त्यांचा मोठेपणा झाला. आमचा प्रश्न आमच्याच लोकांस आहे. त्या पहाटेस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. ह्या अवधींत आमच्या हायस्कुलांनीं तिच्यापासून कोणता धडा घेतला? सन २०२४ च्या मार्चमध्यें आणि पुन्हां जुलैमध्यें हिंगोली जिल्ह्यांत धक्के बसले, व ते नांदेडपर्यंत जाणवले. देवकृपेनें मोठी हानि झाली नाहीं. पण धरणीनें आठवण दिली आहे, आणि आठवण दिल्यावर 'आम्हांस ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. पुढील वेळीं मदत बाहेरून येईलच. परंतु तिला हांक मारणारा तरी गांवांतला असावा कीं नाहीं?

आतां ही तार काम कसें करते तें पाहूं. सतारीच्या मुख्य तारांखालीं तरफेच्या बारीक तारा असतात. वरच्या तारेचा सूर त्यांच्या सुराशीं जुळला कीं त्या कोणीं न छेडतांच झंकारूं लागतात. अँटेनाचें कार्य ह्याच जातीचें आहे. हवेंतील कंपनाच्या ठिकाणीं येथें विद्युच्चुंबकीय लहर असते. ती प्रकाशाच्या वेगानें, सेकंदास सुमारें तीस कोटि मीटर धांवते. तिच्याशीं सूर जुळविण्याचें साधन म्हणजे तारेची लांबी. लहरीच्या लांबीच्या निम्म्या लांबीची तार घेतली कीं ती त्या लहरीशीं सूर धरते. अशी तार मधोमध तोडून तिचे दोन सारखे पाय केले, व त्या मध्यापासून यंत्रापर्यंत केबल आणली, कीं जिला डायपोल म्हणतात ती अँटेना झाली. जर्मनींत हाइन्‌रिख हर्ट्‌झ ह्यानें १८८७ च्या सुमारास अशा लहरी प्रथम निर्माण केल्या, तेव्हां त्याचें साधन ह्याच कुळांतलें होतें. एका थोर शास्त्रज्ञाच्या कीर्तीचा पाया जो प्रयोग, तो आमच्या विद्यार्थ्यास शाळेच्या गच्चीवर पुन्हां करून पाहतां येतो. दुसऱ्या कितीशा प्रयोगांविषयीं असें म्हणतां येईल?

हिशेब तर अगदीं सोपा आहे. १४३ ह्या संख्येस मेगाहर्ट्‌झमधील कंपनसंख्येनें भागावें. जें उत्तर येईल ती तारेची एकंदर लांबी, मीटरांत. हौशी लोकांस नेमून दिलेल्या पट्ट्यांपैकीं एक ७ मेगाहर्ट्‌झपाशीं आहे. त्यास चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात. ७.१ ही संख्या धरल्यास भागाकार २०.१४ येतो. म्हणजे सबंध तार २० मीटर १४ सेंटीमीटर, व तिचा प्रत्येक पाय १० मीटर ७ सेंटीमीटर. १४.२ मेगाहर्ट्‌झसाठीं हीं सर्व मापें निम्मीं होतात, आणि १४५ मेगाहर्ट्‌झसाठीं सबंध तार एक मीटरहूनहि किंचित् आंखूड भरते. येथें एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं तीस कोटीचें अर्ध पंधरा कोटि, म्हणून भागावयाची संख्या १५० असावयास पाहिजे, १४३ कां? त्याचें समाधान असें कीं तारेच्या जाडीमुळें व टोकांपाशीं होणाऱ्या परिणामामुळें तार विजेच्या दृष्टीनें आहे त्याहून थोडी लांब भासते. म्हणून ती शेंकडा पांचांनीं आंखूड कापावी लागते. तारेवर प्लास्टिकचें वेष्टण असेल तर आणखी शेंकडा दोनतीन कमी करावे लागतात.

सामग्रीची यादी वाचून पालकांस हंसूं येईल. घरांत विजेच्या जोडणीस वापरतात ती तांब्याची तार. घर बांधून झाल्यावर उरलेले तुकडे असले तरी चालतात, मात्र सांधे नीट डाख देऊन जोडावे. नळाच्या प्लास्टिक पाइपाचे चार-पांच इंच लांबीचे तीन तुकडे, एक मध्यें व दोन टोकांस, म्हणजे वीज आधाराकडे न जातां तारेंतच राहते. नायलॉनची दोरी. एक उंच वेळू, किंवा आवारांतील दोन कडुलिंब. आणि केबल. रेडिओयंत्रें बहुधा पन्नास ओहमच्या केबलीसाठीं केलेलीं असतात. परंतु दूरचित्रवाणीच्या डिशला जोडतात ती पंचाहत्तर ओहमची केबलहि चालून जाते, कारण सरळ ताणलेल्या डायपोलच्या मध्याचा अवरोध मोकळ्या जागेंत सुमारें ७३ ओहम असतो. त्या केबलीची जाळी पुष्कळदां अॅल्युमिनियमची असते व तिला डाख धरत नाहीं; ती स्क्रूनें आवळून घ्यावी. केबलीचा मधला गाभा एका पायास व भोंवतालची जाळी दुसऱ्या पायास जोडावी, आणि सांध्यावर पावसाचें पाणी शिरणार नाहीं असें लेपन करावें. उंच आधार एकच असेल तर मध्य वेळूवर चढवून दोन्ही पाय तंबूच्या दोऱ्यांप्रमाणें उतरते बांधावे. त्या दोहोंमधील कोन मात्र काटकोनाहून लहान असूं नये. हा सर्व खर्च शिकवणीच्या एका महिन्याच्या फीहून कमी भरतो.

तार प्रथम हिशेबाहून थोडी लांबच घ्यावी. मग यंत्र आणि केबल ह्यांच्या मध्यें स्थायी लहरींचें गुणोत्तर दाखविणारें मापक जोडून टोकें दोन्ही बाजूंनीं सारखीं, थोडथोडीं दुमडीत जावें. एकास एक हें प्रमाण उत्तम. दीडास एकाच्या आंत आलें म्हणजे समाधान मानावें. कापलेली तार पुन्हां वाढत नाहीं, म्हणून आधीं दुमडावी, खात्री झाल्यावर कापावी. ह्या कामास अर्धा दिवस जातो, आणि आमच्या मतें ह्यांतच खरें शिक्षण आहे. कागदावरील उत्तर बरोबर असूनहि तार पहिल्या प्रयत्नांत सुरांत येत नाहीं. जवळचें पत्र्याचें छप्पर, जमिनीची ओल, झाडाची फांदी, सगळ्यांचा तिजवर परिणाम होतो. मुलांस पुन्हां मापावें लागतें, पुन्हां चढावें लागतें, कारण शोधावें लागतें. निसर्ग हा असा परीक्षक आहे कीं तो कोणास ग्रेस मार्क देत नाहीं, आणि कोणाचे मार्क अन्यायानें कापीतहि नाहीं.

उंच मनोऱ्यावांचून ही विद्या फुकट, असा पुष्कळांचा समज असतो. सातासमुद्रांपलीकडे बोलावयाचें असल्यास तो बराच खरा आहे. परंतु शेजारच्या जिल्ह्यास हांक मारावयाची असेल तर ठेंगणी तारच अधिक कामाची, हें ऐकून आश्चर्य वाटेल. पृथ्वीच्या वर दोनशें ते चारशें किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेला हवेचा थर आहे. कलकत्त्याचे प्रोफेसर शिशिरकुमार मित्र ह्यांनीं वातावरणाच्या ह्या वरच्या भागाचा आयुष्यभर अभ्यास केला, व त्यावर १९४७ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ जगांतील विद्वानांनीं प्रमाण मानला. चाळीस मीटरच्या पट्ट्याची तार जमिनीपासून पांच ते दहा मीटरांवर असली म्हणजे तिची बहुतेक शक्ति सरळ वर जाते, त्या थरावरून परत फिरते, आणि कारंज्याच्या तुषारांप्रमाणें सभोंवार तीन-चारशें किलोमीटरांत पडते. बालाघाटाचे डोंगर तिच्या आड येत नाहींत, कारण ती डोंगरांतून जातच नाहीं, आकाशांतून उतरते. नांदेडहून लातूर, धाराशिव, सोलापूर, हैदराबाद हीं सर्व ठिकाणें त्या टापूंत येतात. रात्रीं तो थर विरळ झाला म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर उतरावें लागतें. त्यास तार दुप्पट, म्हणजे चाळीस मीटरांच्या आसपास, लागते. तरी शाळेच्या मैदानांत तेवढी जागा असतेच. सारांश, आमच्या गरीब शाळेस जी उंची परवडते, नेमकी तीच उंची आपत्काळीं आमच्या उपयोगाची आहे.

थोर माणसांनींहि थोडक्यांतच आरंभ केला. सन १९०१ च्या १२ डिसेंबर रोजीं न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर मार्कोनीनें वादळी वाऱ्यांत पतंगास तार बांधून ती सुमारें दीडशें मीटर उंच चढविली, आणि अटलांटिक महासागरापलीकडून, इंग्लंडांतील कॉर्नवॉलहून, येणारे तीन टिंबांचे संकेत ऐकल्याचें जगास जाहीर केलें. पतंगाची तार मात्र आम्ही मुलांस उडवूं देणार नाहीं; कारण ह्या कामांत तीन धोके आहेत व ते स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिला विजेच्या तारांचा. वेळू किंवा अँटेना पडली तरी विजेच्या तारेपर्यंत पोंचणार नाहीं, इतकें अंतर राखावें, व शंका असेल तेथें कामच करूं नये. दुसरा आकाशांतील विजेचा. वळवाच्या पावसांत आपल्या भागांत वीज पडून माणसें व गुरें दगावतात हें सर्वांस ठाऊक आहे. रोज शाळा सुटतांना केबल यंत्रापासून सोडवून बाहेर ठेवावी. आणि ढग दिसल्यावर कोणींहि तिला हात लावूं नये. तिसरा तारेच्या टोकांचा. संदेश पाठवितांना तेथें विजेचा दाब फार असतो. म्हणून टोकें माणसाचा हात पोंचणार नाहीं इतकीं उंच बांधावीं. शिक्षक जवळ असल्यावांचून विद्यार्थ्यांनीं वर चढूं नये, हें सांगणें नकोच.

कायद्याविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. परवान्यावांचून संदेश पाठविणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडून परीक्षा घेऊन मिळतो, आणि त्या परीक्षेस बारा वर्षांवरील मुलामुलींस बसतां येतें. विजेचीं मूलतत्त्वें, यंत्राची रचना आणि नियम, हा तिचा मुख्य अभ्यास. नववी-दहावीच्या परिश्रमी विद्यार्थ्यास तो जड नाहीं. येथें कोणी १९४२ सालचा दाखला देईल. त्या वर्षीं ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं मुंबईंत घरें बदलीत बदलीत ४२.३४ मीटरांवर काँग्रेस रेडिओ चालविला, आणि त्यापायीं तुरुंगवास सोसला. त्यांचें धैर्य वंदनीय आहे. परंतु त्यांनीं कायदा मोडला तो परक्या सत्तेचा. आज जो कायदा आहे तो आपला आपण केलेला आहे. स्वराज्यांत शिस्तीनें परवाना घेणें हेंच त्यांच्या धैर्याचें ऋण फेडणें होय. जोंपर्यंत परवाना नाहीं तोंपर्यंत ऐकावें. शॉर्टवेव्हचा साधा रेडिओ ह्या तारेस जोडला तरी दूरदेशींचीं केंद्रें पूर्वीपेक्षां किती स्पष्ट ऐकूं येतात, हें पाहून मुलांस जो आनंद होतो तो आरंभास पुरेसा आहे.

यंत्राचें काय, असें पालक विचारतील. तार स्वस्त आहे, पण संदेश पाठविणारें तयार यंत्र स्वस्त नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तरी येथेंहि मार्ग आहे, व तो आपल्या शेजारच्या हैदराबादेंतूनच निघाला. तेथील अशर फरहान ह्यांनीं ह्या शतकाच्या आरंभीं 'बिटएक्स' नांवाच्या यंत्राचा आराखडा सर्वांस खुला करून दिला. बाजारांत सहज मिळणारे सुटे भाग आणि वेटोळीं गुंडाळण्यासाठीं नळाचे वॉशर, अशा वस्तूंतून तें हातानें जुळवितां येतें. देशोदेशींच्या हौशी लोकांनीं तें बनविलें. एका शाळेस एक यंत्र पुरे. आणि चार शाळांनीं मिळून घेतलें तरी वावगें नाहीं.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाईल असतांना हा खटाटोप कशाला? त्यास उत्तर असें कीं मोबाईल हें आपलें यंत्र असलें तरी त्याचा मनोरा दुसऱ्याचा आहे. तो विजेवर चालतो. वीज गेली कीं बॅटरीवर कांहीं तास तग धरतो, आणि पुढें डिझेल पोंचलें तर ठीक. शिवाय संकटसमयीं सगळा जिल्हा एकाच घटकेस फोन करूं लागला म्हणजे ती वाट तुंबते. नेहमींच्या दिवसांत मोबाईलच वापरावा. त्याच्याशीं आमचें वैर नाहीं. परंतु गांवांत नळ आले म्हणून शहाणा माणूस आडांत गाळ भरूं देत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुलांचें दहावी-बारावीचें वर्ष, प्रवेशपरीक्षा, स्पर्धा. ह्यांत तारा बांधावयास वेळ कोठला? परीक्षांतील यशासाठीं लातूरचें नांव महाराष्ट्रभर झालें आहे; 'लातूर पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला. नांदेडहि ह्यांत मागें नाहीं. दूरदूरच्या खेड्यांतून येऊन, भाड्याच्या खोल्यांत राहून, मुलें जे कष्ट करितात त्यांचें आम्हांस कौतुक आहे. पण एक गोष्ट मन मोकळें करून सांगतों. अनुनादाचें सूत्र ज्यास तोंडपाठ आहे आणि त्यावरचीं पन्नास उदाहरणें ज्यानें सोडविलीं आहेत, अशा विद्यार्थ्याच्या हातीं वीस मीटर तार दिली तर तिचें काय करावें हें त्यास सुचत नाहीं. हा त्याचा दोष नव्हे. त्याच्या हातीं ती तार आम्हींच कधीं दिली नाहीं. ज्या ज्ञानाचा शेजाऱ्यास संकटांत उपयोग होत नाहीं, तें ज्ञान परीक्षेपुरतें मिळविलेलें. आणि परीक्षेपुरतें मिळविलेलें बहुधा परीक्षेबरोबरच संपतें. वर्षांतून चार शनिवार ह्या कामीं दिल्यानें कोणाचा प्रवेश हुकणार नाहीं. उलट ज्यानें तार सुरांत आणली आहे तो लहरींचा धडा जन्मांत विसरणार नाहीं.

तिसरा आक्षेप 'हौस' ह्या शब्दावरच आहे. आपल्याकडे ह्या शब्दास थोडा हलकेपणा आला आहे. हौस म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग अशी समजूत आहे. दोन उदाहरणें पाहावीं. फादर मार्शल मोरान हे अमेरिकेंतून आलेले जेसुइट धर्मगुरु. त्यांनीं पाटण्यास शाळा चालविली, आणि १९५१ मध्यें काठमांडूजवळ गोदावरी ह्याच नांवाच्या ठिकाणीं मुलांची शाळा स्थापिली. शिकविण्याचें काम संभाळून ते रेडिओवर बसत. पुष्कळ वर्षें नेपाळांतून जगास ऐकूं येणारा हौशी रेडिओचा आवाज जवळजवळ त्यांचा एकट्याचाच होता. आमच्या गोदावरीच्या कांठच्या शिक्षकांनीं त्या गोदावरीच्या शिक्षकाकडे पाहावें. दुसरें उदाहरण श्रीमती भारती प्रसाद ह्यांचें. सन २००४ च्या डिसेंबरांत त्या एक लहान पथक घेऊन पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. अंदमान बेटांवरून जगांतील हौशी मंडळींशीं बोलावें, एवढाच हेतु. २६ तारखेस त्सुनामीच्या लाटा आल्या, नेहमींचीं संपर्कसाधनें कोलमडलीं, आणि हौसेसाठीं मांडलेलें तें केंद्र त्या दिवसापासून बेटांवरील माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोंचवूं लागलें. त्यांनीं तार आधींच ताणली होती, म्हणून ती त्या सकाळीं कामास आली. मुलींस असल्या कामांत कां घालावयाचें, असें ज्या पालकांस वाटतें त्यांनीं हें उदाहरण मनांत ठेवावें.

आमच्या शास्त्रांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. पर्वतावर त्याच्यापुढून प्रचंड वारा गेला, मग भूकंप झाला, मग अग्नि आला. परंतु तो ज्याची वाट पाहत होता तो ह्या तिहींत नव्हता. त्यानंतर एक अगदीं हळू स्वर आला, आणि एलीयाचा कान जागा होता म्हणून तो त्यास ऐकूं आला. भूकंपानंतरहि ढिगाऱ्यांतून, अंधारांतून, असाच एक क्षीण स्वर निघत असतो. तो ऐकणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे, मग त्याचा धर्म कोणताहि असो. पण ऐकावयाचें तर कान आधींच तयार असावा लागतो. आपत्ति आल्यावर तार विकत आणतां येईल. ती कापण्याचा, ताणण्याचा व सुरांत आणण्याचा सराव त्या दिवशीं विकत मिळणार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. जूनमध्यें शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गानें हें काम हातीं घ्यावें. एका पालकानें तार द्यावी, दुसऱ्यानें वेळू द्यावा. ज्यांचा विजेच्या जोडणीचा धंदा आहे त्यांनीं एक शनिवार द्यावा, त्यांच्याइतकें डाख देण्याचें ज्ञान आम्हां पदवीधरांस नाहीं. इच्छा असेल त्या मुलामुलींनीं परवान्याच्या परीक्षेस बसावें, व फीची अडचण असेल तेथें शाळेनें ती सोसावी. आणि दरवर्षीं ३० सप्टेंबर रोजीं नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळांनीं आपापल्या मैदानांत तारा उभारून, बॅटरीवर यंत्रें चालवून, एकमेकांची खुशाली विचारावी. ज्यांस परवाना आहे त्यांनीं बोलावें, इतरांनीं ऐकून टिपून घ्यावें. किल्लारीच्या मृतांचें स्मरण भाषणांनीं व पुष्पहारांनीं पुष्कळ वेळां झालें आहे. शेजारच्या गांवाचा आवाज आपणांस स्पष्ट ऐकूं येतो, आणि आपला त्यास ऐकूं जातो, अशी खात्री वर्षांतून एकदां करून घेणें, हें त्यांचें अधिक चांगलें स्मरण होईल.